तंबू, कॅराव्हॅन आणि सासूबाईंचे गुडघे

प्रश्न: आम्ही सोलापुरात विजापूर रोडला राहतो. घरात मी, मिस्टर, सासूबाई (वय 70, गुडघ्यांचा त्रास), मुलगी नववीत आणि मुलगा तिसरीत. नणंद, तिचे मिस्टर आणि चार वर्षांची भाची हडपसरला असतात. यंदा आठही जणांनी मिळून तळ्याकाठी दोन रात्री राहायचं चाललंय. मिस्टरांना कॅराव्हॅन भाड्याने घ्यायचीय. मुलीला पवना धरणाच्या काठचा पारदर्शक डोम हवाय. नणंद म्हणते, साधे तंबू बरे. आणि सासूबाई म्हणतात, "घर असताना पैसे देऊन पालात कशाला झोपायचं?" ठरवायचं काम माझ्याकडे आलंय, म्हणजे बिनसलं तर बोलणीही मलाच. काय करू?
– एक वाचक, सोलापूर

ताई,

तुमच्या घरातल्या सगळ्या मतांत मला सासूबाईंचं मत सर्वांत कामाचं वाटलं. त्या नको म्हणत नाहीयेत, कशासाठी ते विचारताहेत. तंबूच्या जाहिरातीत याचं उत्तर सापडत नाही. तिथे फोटो असतो संध्याकाळचा: पाणी, दिव्यांच्या माळा, शेकोटी. आता दिवस काय, कुठल्याही तळ्यावर घरचा डबा घेऊन गेलात तरी मजेत जातो. तुम्ही जादा पैसे मोजणार ते रात्रीचे, आणि अशी सहल बिघडते तीही रात्रीच. थंडी, डास, संडास, मध्येच गेलेली लाईट, रडणारं पोर. म्हणून रात्री आठ ते सकाळी सहा एवढाच वेळ डोळ्यांसमोर धरा आणि जागा त्यावरून ठरवा. डोम की तंबू, हे भांडण त्यानंतर.

सासूबाईंची रात्र कशी जाईल ते बघू. पहाटे तीनला त्यांना उठायचंय. गादी जमिनीवर असेल तर उठण्यातच निम्मा जीव जातो. मग तंबूची चेन. ती खालपासून उघडते, म्हणजे वाका. उंबऱ्यासारखी कापडाची पट्टी असते, तिच्यावरून पाय उचला. बाहेर दवाने ओलं गवत, आणि तंबू ताणून धरणाऱ्या दोऱ्या खुंट्यांना तिरक्या बांधलेल्या, अंधारात न दिसणाऱ्या. सामाईक संडास पन्नास पावलांवर, आणि तो भारतीय पद्धतीचा निघाला तर गुडघ्यांचं काय होणार, हे तुम्हाला मी सांगायला नको. बरं, हे सगळं एकट्याने कुणी करत नाही. त्या तुम्हाला उठवणार, भाची रडायला लागली की नणंद उठणार, आणि सकाळी आठही जण जांभया देत चहाला येणार.

म्हणून चौकशीला फोन कराल तेव्हा पहिला प्रश्न संडासाचा. तंबूला लागून आहे का, कमोड आहे का, आधाराला भिंतीत दांडी आहे का. दुसरा प्रश्न पलंगाचा. घरी सासूबाईंच्या पलंगाची जमिनीपासूनची उंची टेपने मोजा आणि तिथल्या माणसालाही तंबूतला पलंग मोजायला लावा. तो हसेल, हसू दे. तिसरा, रात्री लाईट किती वाजता बंद करता आणि जनरेटर कुठे ठेवलाय. काही ठिकाणी अकराला सगळं बंद होतं, काही ठिकाणी जनरेटर रात्रभर कानाशी घरघरत असतो. आणि संडासाचा फोटो मागवा. तळ्याचे वीस फोटो पाठवून संडासाचा एकही न पाठवणाऱ्या जागेचा नाद सोडा.

आता कॅराव्हॅन. मिस्टरांची हौस खोटी नाही. महाराष्ट्र सरकारने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं स्वतंत्र धोरण आणलं, भाड्याच्या गाड्याही आता मिळतात. पण तुमच्या या सहलीला ती बसत नाही. गाडीत झोपायची सोय साधारण चौघांची असते, तुम्ही आठ. चालत्या गाडीत पलंगावर आडवं होऊन जाणं धोक्याचं. प्रत्येकाला पट्टा असलेली सीट हवी, चार वर्षांच्या मुलीला तर हवीच. पाण्याचा हिशेब करा. टाकी दीडशे लिटरची धरली तर आठ जणांत माणशी एक बादली, त्यातच भांडी, हात-पाय, संडास. काही दिवसांआड नळाला पाणी यायची सवय असलेल्या सोलापूरकरांना पाणी पुरवून वापरायला शिकवायची गरज नाही, हे कबूल. पण सुट्टीतही तेच करायचं? शिवाय सांडपाण्याची आणि मैल्याची टाकी भरली की ती रिकामी करायची सोय कुठे आहे, हे आधी शोधून ठेवावं लागतं. तळ्यात किंवा शेताच्या बांधावर ती सोडून देणं हा सरळसरळ गलिच्छपणा आहे.

मोठी अडचण पैशांची. कॅराव्हॅनचं भाडं वसूल होतं ते रोज नव्या गावी मुक्काम केला तर. एकाच जागी उभी राहिली तर ती नुसती महागडी, अडचणीची खोली. त्यात गाडी पुण्याहून सोलापूरला आणायची म्हटलं तर रिकाम्या फेरीचे किलोमीटरही तुमच्याच बिलात पडतील. म्हणून मिस्टरांना नाही म्हणू नका, पुढची तारीख द्या. दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही चौघंच, पुण्याहून गाडी घेऊन कोकण किनारा. फक्त त्यांना एक विचारून घ्या, गाडी चालवायचीय की तिच्यात राहायचंय? या गाड्या बऱ्याचदा चालकासकट मिळतात. स्टिअरिंग हातात येणारच नसेल तर त्यांचा उत्साह किती टिकतो ते कळेल.

मुलीचा पारदर्शक डोम. रीलमध्ये तो छान दिसतो. प्रत्यक्षात फेब्रुवारीतही आपल्याकडचं ऊन त्या प्लॅस्टिकमधून असं आत येतं की सकाळी नऊनंतर बसवत नाही. रात्री आतल्या श्वासांची वाफ थंड प्लॅस्टिकवर धरते, तेव्हा तारे दिसायच्या ऐवजी थेंब दिसतात. आणि कपडे बदलायचे कुठे, हे नववीतल्या मुलीने स्वतःच विचारात घ्यावं. पवनाही तुम्हाला लांब. सोलापूरहून तीनशे किलोमीटरच्या पुढे, वाटेत पुण्याची गर्दी. सासूबाईंचे गुडघे दुखतील ते गाडीतच.

त्यापेक्षा नकाशा उघडून बघा. तुम्ही सोलापुरात, नणंद हडपसरला, आणि दोघींच्या मध्ये उजनी धरणाचं पाणी पसरलंय. भिगवण तुम्हाला दीडशे किलोमीटरच्या आसपास, नणंदेला शंभरच्या आसपास. मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण, सगळा रस्ता पुणे-सोलापूर महामार्गाचा. कुंभारगाव, डिकसळ या बाजूला पक्षी बघायला येणाऱ्यांची राहण्या-जेवणाची सोय गावातले लोकच करतात. आसपास पक्के तंबू किंवा लाकडी खोल्या असलेल्या जागा मिळतील. दोन मोठे तंबू शेजारी-शेजारी, दोन्हींना स्वतःचं न्हाणीघर, असं मागा. आणि सासूबाईंसाठी तिथेच एखादी पक्की खोली मिळत असेल तर ती बिनदिक्कत घ्या. त्यांनी तंबूतच झोपलं पाहिजे असा नियम नाही. त्या आणि चार वर्षांची नात खोलीत, बाकीचे तंबूत, हे मला सर्वांत शहाणपणाचं वाटतं.

जागा तळ्याकाठी आहे असं सांगतील. कुठल्या महिन्यातल्या तळ्याकाठी, हे विचारा. उजनी प्लसमध्ये की मायनसमध्ये, म्हणजे पाणी उपयुक्त साठ्याच्या वर की खाली, हे आपल्याकडे पेपरात रोज वाचतो, त्याचा अर्थ काठावर राहणाऱ्याला असा की पाणी हलत असतं. पावसाळ्यानंतर धरण भरलेलं असताना तंबूपासून दहा पावलांवर असलेलं पाणी उन्हाळ्यात अर्धा किलोमीटर मागे गेलेलं असू शकतं, आणि मध्ये नुसता गाळ. तो वरून वाळलेला दिसतो, पाय ठेवला की गुडघ्यापर्यंत आत. मुलांना एकटं काठावर सोडायचं नाही, याचं पहिलं कारण हा गाळ. पोहणं तर नकोच. पुणे, पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी नद्यांतून याच धरणात येतं.

तरी पाणी ओसरण्याचा एक फायदा आहे. उथळ पाणी आणि उघडा गाळ झाला की रोहित, म्हणजे आपले फ्लेमिंगो, तिथे उतरतात. जानेवारी ते मार्च हा त्यांचा चांगला काळ. पाणी काठोकाठ असेल तर ते उशिरा येतात, म्हणून बुकिंगआधी नावाड्यालाच विचारा, "रोहित आलेत का?" पट्टकदंब हंस, चक्रवाक, चित्रबलाकही दिसतील. मुलाला घरून वही-पेन्सिल द्या, मोबाईल नको.

नावेत पहाटेच बसायचं. वारा पडलेला असतो आणि पक्षी जवळून दिसतात. पण लाइफ जॅकेट असल्याशिवाय कुणी पाय ठेवायचा नाही, आणि भाचीच्या मापाचं नसेल तर भाची आजीजवळ काठावर. मे 2024 मध्ये करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे निघालेली बोट अचानक सुटलेल्या वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. हे तुमच्या घरात सगळ्यांनी वाचलेलं असणार. तेव्हा "एवढ्याशा पाण्यात काय होतंय" असं कुणी म्हणालं तर वाद घालू नका, नाव परत पाठवा.

कधी जायचं? जानेवारीचा पहिला पंधरवडा तुमच्यासाठी बादच. संक्रांतीला सिद्धेश्वरांची यात्रा, अक्षता, होम, शोभेचं दारूकाम, त्यात सासूबाई सोलापूर सोडतील असं मला वाटत नाही आणि सोडायला सांगूही नये. 26 जानेवारीच्या जोडून सुट्टीला निम्मं पुणे तिथे असतं. फेब्रुवारीचा पहिला किंवा दुसरा शनिवार-रविवार बघा, त्यातला जो अमावस्येच्या जवळचा असेल तो घ्या. चांदणं नसलं की संध्याकाळी डोक्यावर मृग, त्याच्यामागे चमकणारा व्याध आणि कृत्तिकांचा पुंजका, हे सगळं नुसत्या डोळ्यांनी दिसतं. त्यासाठी डोम लागत नाही, एक चटई लागते.

आणि पहिल्या खेपेला दोन रात्री नकोत. एकच करा. शनिवारी सकाळी निवांत निघून दुपारच्या जेवणाला पोहोचायचं, रविवारी पहाटे नाव, जेवून परत. अंधार पडायच्या आत घरी या, हे मी मुद्दाम सांगते. गाळप हंगाम चालू असतो. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर, मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. दिवसा त्यांचा नुसता वैताग, रात्री जिवावरची गोष्ट.

थंडीसाठी काही विकत आणू नका. घरातल्या सोलापुरी चादरी माणशी दोन: एक खाली, एक वर. खालची महत्त्वाची, गारठा गादीतून वर येतो. पाण्याजवळ पहाटे दव पडतं, म्हणून चपला-बूट आत ठेवा आणि घालण्याआधी झटका. तंबूची चेन दिवसाही बंदच. घोणस, मण्यार आपल्या भागात आहेत. घाबरून जायला नको, पण कुणाला काही चावलं तर मांत्रिक नको, चिरा नको, आवळून बांधणं नको. 108 ला फोन आणि सरकारी रुग्णालय, बस. सापाची लस असलेलं सर्वांत जवळचं रुग्णालय कुठलं, हे जागेच्या मालकाकडून पोहोचल्या पोहोचल्या विचारून घ्या.

शेगडी किंवा निखारे तंबूत नेऊ नका, थंडी कितीही वाजली तरी. बंद जागेत निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. डासांची अगरबत्तीही बाहेरच. पाण्याकाठी पांढऱ्या दिव्यावर चिलटांचे थवे येतात, त्यामुळे तंबूबाहेर पिवळा बल्ब मागा आणि जेवताना दिवा ताटापासून लांब ठेवा. नाहीतर आमटीत काय पडलं ते शोधत बसाल.

जेवणाचं बोलू या, कारण पत्रात तुम्ही त्याबद्दल एक शब्द लिहिला नाहीत. मला शंका अशी की ते आपण बघायचंच असतं, असं तुम्ही धरून चाललाय. तिथे स्वयंपाक करायचा नाही. गॅस, कुकर, मिसळणाचा डबा काहीही न्यायचं नाही. प्रवासात खायला धपाटे आणि दही, अडीनडीला कडक भाकरी आणि शेंगाचटणी. कडक भाकरी तर दोन दिवस काय, आठवडाभर कुठेही पडून राहिली तरी चालते, आपल्याच भागातल्या बायकांनी शोधलेलं सर्वांत उत्तम सहलीचं खाणं. बाकी तिथलं जेवण. भिगवणकडे आलात आणि चिलापी खाल्ली नाहीत तर मासे खाणाऱ्यांचं पाप लागेल. सासूबाईंचा शनिवार असेल किंवा त्या खातच नसतील, तर त्यांच्यासाठी वेगळ्या तव्यावर करणार का, हे बुकिंग करतानाच विचारा, ताटावर बसून नको.

संध्याकाळी बार्बेक्यूची सोय आहे असं सांगतील. त्याऐवजी हुरडा मिळेल का, विचारा. फेब्रुवारीच्या सुरुवातीला हंगाम संपत आलेला असतो, पण उशिरा पेरलेलं एखादं रान असतं. गोवऱ्यांची आगटी, भोवती आठ जण, तळहातावर चोळलेला गरम हुरडा आणि शेंगाचटणी. सासूबाईंना "पैसे देऊन कशाला" याचं उत्तर कदाचित तिथे मिळेल. कणसं भाजायला त्यांनाच बसवा, खुर्ची देऊन. बाकीच्यांना नाहीतरी येत नाही.

पैसे देताना एवढं सांभाळा. दर माणशी आहे की तंबूमागे, चार वर्षांच्या मुलीचे लावणार का, नाव आणि हुरडा धरून की वेगळे, हे सगळं व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. नुसत्या इन्स्टाग्राम पेजवर बघून पूर्ण रक्कम पाठवू नका. दुसऱ्याचे फोटो लावून बुकिंग घेणारे भामटे पुष्कळ आहेत. आधी व्हिडिओ कॉल करून जागेवर फिरवून दाखवायला सांगा, नकाशावर लोकांनी टाकलेले फोटो ताडून बघा, आणि थोडीच आगाऊ रक्कम द्या. फसलात तर 1930 या सायबर हेल्पलाइनला ताबडतोब फोन.

जायच्या आधी एखाद्या रविवारी संध्याकाळी सासूबाईंना हिप्परगा तलावावर घेऊन जा. घडीची खुर्ची, थर्मासमध्ये चहा. खडबडीत जमिनीवर त्या किती चालतात, अंधार पडल्यावर त्यांना किती दिसतं, गार वाऱ्यात पाय आखडतात का, हे तिथेच कळेल. काठी लागेल का, हा प्रश्नही परस्पर सुटेल. तो तुम्ही घरात काढलात तर वेगळाच विषय होईल.

राहता राहिली बोलणी. आठ जणांची सहल एकीने ठरवायची आणि सातांनी तिच्यात खोट काढायची, ही पद्धत तुमच्याच घरात आहे असं समजू नका. कामं वाटून टाकली की तोंडं आपोआप कमी चालतात. फॅमिली ग्रुपवर हे टाका, हवे ते बदल करून:

"फेब्रुवारीत एक रात्र, उजनीकाठी, भिगवणच्या बाजूला. तिथेच भेटायचं, शनिवारी दुपारी एकला. आईंना पक्की खोली, बाकीच्यांना तंबू. जागेशी बोलणं आणि पैसे: हे. नाव आणि लाइफ जॅकेट: भावजी. तंबूंचे आणि संडासांचे फोटो मागवून तुलना: आमची कन्या. औषधं, टॉर्च, ओडोमॉस: ताई. धपाटे आणि भाकरी मी आणेन, तिथे पोहोचल्यावर मी स्वयंपाकघरात जाणार नाही. कॅराव्हॅन दिवाळीत. कुणाला दुसरी जागा सुचवायची असेल तर त्यांनी स्वतः फोन करून, कमोड आहे का विचारून, फोटोसकट येत्या रविवारपर्यंत इथे टाकावी."